द पोस्टमन ऑलवेज रिंग्ज ट्वाइस

अमेरिकन लेखक जेम्स एम. केन (१८९२–१९७७) यांची १९३४ साली प्रसिद्ध झालेली गुन्हेगारी कादंबरी. एका बैठकीत वाचून संपेल एवढीच ती आहे, पण तिच्यावर फ्रान्स, इटली, अमेरिका, हंगेरी आणि जर्मनीत चित्रपट निघाले. नावातला पोस्टमन मात्र पुस्तकात कुठेच भेटत नाही. केन यांना ‘बार-बी-क्यू’ हे नाव ठेवायचे होते, ते प्रकाशक नॉप यांना पसंत पडले नाही. पटकथालेखक मित्र व्हिन्सेंट लॉरेन्स यांनी सांगितलेल्या एका आठवणीतून नवे नाव सुचले. पाठवलेल्या नाटकाचे काय ठरले हे सांगणाऱ्या पत्राची वाट पाहताना लॉरेन्स यांचा जीव टांगणीला लागायचा आणि दोनदा घंटी वाजली की पोस्टमनच आला हे कळायचे, अशी ती आठवण.

कथेची प्रेरणा १९२७ च्या न्यूयॉर्कमधील एका खटल्यात शोधली जाते. रूथ स्नायडर हिने प्रियकर जड ग्रे याच्या मदतीने विमा उतरवलेल्या नवऱ्याचा खून केला. जानेवारी १९२८ मध्ये दोघांनाही विजेच्या खुर्चीत देहदंड झाला. केन तेव्हा न्यूयॉर्कमध्येच पत्रकारिता करत होते.

कादंबरीची पार्श्वभूमी महामंदीतल्या कॅलिफोर्नियाची आहे. गवताच्या ट्रकमध्ये चोरून बसलेल्या फ्रँक चेंबर्स या भटक्याला भर दुपारी खाली हाकलून देतात, तिथून कथा सुरू होते. तो रस्त्याकडेच्या एका खाणावळीत शिरतो. मालक निक पापाडाकिस हा ग्रीक स्थलांतरित, तर बायको कोरा हॉलिवूडमध्ये नशीब काढायला आयोवाहून आलेली. फुकट जेवायला आलेला फ्रँक तिथेच कामाला राहतो आणि थोड्याच दिवसांत कोराचाही होतो. निकला न्हाणीघरात मारण्याचा पहिला बेत एका मांजरामुळे फसतो. ते विजेच्या फ्यूजपेटीवर चढते आणि घरात अंधार होतो. दुसऱ्या खेपेस डोंगरातल्या रस्त्यावर, गाडीत, काम फत्ते होते. निक त्या वेळी दारूच्या तारेत, प्रतिध्वनी ऐकण्याच्या हौसेने गात असतो. डोक्यात घाव बसून तो गप्प होतो आणि त्याचाच सूर डोंगरावर आदळून परत येतो. एवढे थंड डोक्याने लिहिलेले भयंकर वाक्य गुन्हेगारी साहित्यात क्वचितच सापडेल.

पुढे वकील कॅट्झ विमा कंपन्यांची आपसातली देवघेव अशी जुळवतो की खून पचतो. खऱ्या खुनातून सुटलेल्या फ्रँकला फाशीची शिक्षा होते ती मात्र अपघातात गेलेल्या गरोदर कोराच्या ‘खुना’साठी. हे सारे तो तुरुंगातून सांगतो आहे, हे वाचकाला अगदी शेवटी कळते.

कथेतली खरी मेख कोण कुठला या प्रश्नात आहे. घर, धंदा, कष्ट सगळे निकचे, तरी कोराच्या लेखी तो ‘परका’ आणि खिशात दमडी नसलेला फ्रँक ‘आपला’. चित्रपटांनी या मुद्द्याचे काय केले, यावरूनच त्यांची पारख करावी.

एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपटसंस्थेने हक्क १९३४ मध्येच घेतले होते, पण पडद्यावर काय दाखवू नये हे ठरवणाऱ्या तिथल्या नीतिसंहितेमुळे बारा वर्षे कॅमेरा फिरला नाही. तोवर पिएर शेनाल यांचा फ्रेंच चित्रपट (१९३९) येऊन गेला. लुकिनो व्हिस्कोंती यांच्या ‘ओसेसियोने’चे (१९४३) मोल सर्वांत मोठे. फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ रन्वार यांनी व्हिस्कोंतींना कादंबरीचे फ्रेंच भाषांतर दिले होते. व्हिस्कोंतींनी कथा इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात आणली आणि नवऱ्याची गाण्याची हौस ऑपेराच्या स्पर्धेपर्यंत नेली. शिवाय ‘स्पॅनियार्ड’ नावाचा दुसरा एक भटक्या घातला, जो नायकाला पुन्हा रस्त्यावर ओढू पाहतो. मुसोलिनीच्या काळात असा घामट, गरीब इटली पडद्यावर येणे सत्ताधाऱ्यांना रुचले नाही. मूळ निगेटिव्ह नष्ट झाली, व्हिस्कोंतींनी जपलेल्या प्रतीमुळे चित्रपट वाचला. कादंबरीचे हक्क मात्र घेतलेले नव्हते, त्यामुळे अमेरिकेत तो कित्येक वर्षे दाखवता आला नाही. सामान्य माणसांचे खरेखुरे जगणे दाखवणाऱ्या इटालियन नववास्तववादाची चाहूल म्हणून आज तो अभ्यासला जातो.

टे गार्नेट यांच्या १९४६ च्या चित्रपटात लाना टर्नरची कोरा जवळपास सर्व प्रसंगांत पांढऱ्या कपड्यांत वावरते. जॉन गारफिल्डचा फ्रँक उत्तम आहे. निक मात्र ‘स्मिथ’ झाला आणि परकेपणाचा विषयच संपला. बॉब राफेलसन यांनी १९८१ मध्ये त्याला पुन्हा ग्रीक केले. डेव्हिड मॅमेट यांची पटकथा, जॅक निकोल्सन आणि जेसिका लँग अशी तगडी मंडळी असूनही चर्चा झाली ती स्वयंपाकघरातल्या टेबलावरच्या प्रणयप्रसंगाची. हा चित्रपट कोराच्या मृत्यूपाशीच थांबतो, फ्रँकची फाशी त्यात येत नाही. ग्यॉर्ग फेहेर यांचा हंगेरियन चित्रपट १९९८ चा.

क्रिस्टियान पेट्झोल्ड यांच्या ‘येरिखोव’मध्ये (२००८) केन यांचे नाव नाही, सांगाडा मात्र तोच आहे. पूर्व जर्मनीच्या ओसाड भागात लष्करातून काढून टाकलेला थॉमस येतो. मालक अली हा तुर्की वंशाचा, त्याच्या खाद्यपदार्थांच्या टपऱ्या आहेत, त्याची बायको लाउरा कर्जात अडकलेली. इथे मारायला निघालेल्यांना मारावेच लागत नाही. कट कळल्यावर अली स्वतःच गाडी कड्याकडे वळवतो.