‘रोमन धाटणी, उगम अनिश्चित’ : नाण्यासोबतच्या चिठ्ठीविषयी

आमच्या पेढीवरील काही सोन्याच्या नाण्यांसोबतच्या चिठ्ठीवर ‘रोमन धाटणी, उगम अनिश्चित’ असे लिहिलेले असते. ते वाचून नाण्यात काही खोट आहे का, असे ग्राहक विचारतात. हे शब्द आम्ही जाणीवपूर्वक लिहितो, म्हणून त्यांचा अर्थ येथे देत आहोत.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन व्यापारी मिरी आणि तलम कापडासाठी भारतात सोने आणत. भडोच बंदरात रोमन नाणी बदलून देण्यात नफा होतो, अशी नोंद ‘पेरिप्लस’ या तत्कालीन ग्रीक प्रवासवर्णनात आहे. त्याच बंदरात पैठण आणि तेर येथून गाड्या भरून माल उतरत असे. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टई येथे १८९८ मध्ये ५०१ रोमन सुवर्णनाणी एकत्र सापडली आणि त्यांतील बहुतेकांवरील सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव होता.

या नाण्यांवरून भारतातही नाणी पाडली गेली. असे नाणे भिंगाखाली धरले, की सम्राटाच्या चेहऱ्याभोवतीची लॅटिन अक्षरे नुसत्या काड्या आणि वर्तुळे होऊन बसलेली दिसतात. ठसा कोरणाऱ्याला ती लिपी वाचता येत नव्हती, त्याने केवळ आकार उतरवला. कधी पुढच्या बाजूला एका सम्राटाचा चेहरा, तर मागच्या बाजूला दुसऱ्याच्याच नाण्यावरील चित्र असते. अनेक नाण्यांना वरच्या बाजूस भोके असतात, कारण आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेप्रमाणे तीही गळ्यात घातली जात. ती कोणी आणि कोठे पाडली, हे सांगणारे नाव, गाव किंवा साल नाण्यावर नसते, आणि केवळ किंमत वाढावी म्हणून आम्ही एखाद्या राजवंशाचे नाव त्याला चिकटवत नाही.

प्राचीन नक्कल आणि आजची बनावट यांत मात्र आम्ही काटेकोर भेद करतो. साच्यात ओतलेल्या बनावट नाण्याच्या कडेवर पुष्कळदा जोडाची रेघ आणि पृष्ठभागावर बारीक खळगे दिसतात. ठशाने पाडलेल्या नाण्यावर ते नसतात. नाणे घरी घासून चकचकीत करू नये, ही कळकळीची विनंती. त्याने झीज आणि ठशाच्या खुणा पुसल्या जातात, आणि परीक्षेला तेवढाच आधार असतो.

शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्यानुसार पुरावस्तू ठरते आणि खासगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. परदेशातील नातेवाइकांसाठी खरेदी करू इच्छिणाऱ्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे. जमिनीत सापडलेले नाणे आम्ही विकत घेत नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार त्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते, आणि तो अर्ज लिहिण्यास आम्ही विनामूल्य मदत करतो.