एमआयएस-सी (मुलांमधील बहुअवयवी दाह)

कोविड होऊन गेल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना होणारा, क्वचित आढळणारा पण गंभीर आजार. यात विषाणूपेक्षा त्याच्याविरुद्ध खवळलेली स्वतःचीच प्रतिकारशक्ती जास्त नुकसान करते. त्यामुळे आरटी-पीसीआर अनेकदा निगेटिव्ह येते आणि प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) मात्र सापडतात. मूळ संसर्ग बहुधा इतका सौम्य असतो की घरच्यांना त्याचा पत्ताही नसतो.

एप्रिल २०२० च्या अखेरीस ब्रिटनमध्ये डॉक्टरांना याबाबत सावध करण्यात आले. त्याच सुमारास इटलीतील बेर्गामो येथे कावासाकी आजारासारखी (लहान मुलांच्या रक्तवाहिन्यांना सूज आणणारा आजार) लक्षणे असलेल्या मुलांची संख्या एकाएकी वाढली. १५ मे रोजी जागतिक आरोग्य संघटनेने तात्पुरती व्याख्या दिली. कावासाकी आजाराचा पहिला रुग्ण १९६१ मध्ये पाहणारे जपानी बालरोगतज्ज्ञ तोमिसाकू कावासाकी जून २०२० मध्ये वारले, म्हणजे त्यांचे नाव जगभरच्या बालरोग विभागांत रोज घेतले जात असतानाच. मात्र दोन्ही आजार एक नव्हेत. कावासाकी मुख्यतः पाच वर्षांखालील मुलांना होतो. एमआयएस-सीचे रुग्ण बहुधा आठ-नऊ वर्षांच्या आसपासचे असतात आणि त्यांच्यात पोटाची लक्षणे व हृदयाच्या स्नायूंवरचा ताण अधिक दिसतो.

तीन किंवा अधिक दिवस ताप, पुरळ, लाल डोळे, उलट्या, जुलाब आणि तीव्र पोटदुखी ही लक्षणे. पोटदुखीमुळे अपेंडिक्सचा संशय येतो. आपल्याकडे पावसाळ्यात डेंग्यू आणि टायफॉइडशीही गल्लत होते. निदानातली खरी अडचण हीच. रक्तदाब घसरून मूल शॉकमध्ये जाऊ शकते, म्हणून डेंग्यू किंवा टायफॉइड समजून वाट पाहत राहणे धोक्याचे. सीआरपी, फेरिटिन, डी-डायमर आणि ट्रोपोनिन या दाह, रक्त गोठणे व हृदयाची इजा दाखवणाऱ्या रक्तचाचण्यांबरोबर टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून हृदयाची पंप करण्याची क्षमता आणि कोरोनरी धमन्या (हृदयाला रक्त पुरवणाऱ्या) तपासतात.

उपचारात शिरेवाटे इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे; सहसा वजनाच्या दर किलोमागे २ ग्रॅम) आणि स्टिरॉइड देतात. रक्त गोठू नये म्हणून अल्प मात्रेत अ‍ॅस्पिरिनही देतात. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक मुले बरी होतात आणि हृदयाचे कार्यही सहसा पूर्ववत होते. तरीही काही महिने दमछाकीचे खेळ बंद ठेवून पुन्हा इको करावा लागतो. इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर व कांजिण्यांच्या लसी सुमारे ११ महिने पुढे ढकलतात. ही गोष्ट घरी सोडताना सांगायची राहून जाऊ शकते.

कोविड विषाणूचा ओमायक्रॉन हा प्रकार आल्यानंतर या आजाराचे प्रमाण बरेच घटले. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात सुमारे एक तृतीयांश रुग्णांत शरीरातील एसएनएक्स८ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे सापडली. या प्रथिनाचा एक तुकडा कोविड विषाणूच्या प्रथिनाशी मिळताजुळता आहे.