बुटके पूल, उंच बोटी: माघार कोणी घ्यायची?

बाराव्या शतकात झांग झेदुआन या चिनी चित्रकाराने रंगवलेलं एक पटचित्र बीजिंगच्या राजवाडा संग्रहालयात आहे. पाच मीटरांहून लांब असलेल्या या चित्रात बियान नदीकाठचं गजबजलेलं नगर आहे, आणि सगळ्यात जास्त गडबड आहे ती एका कमानदार लाकडी पुलापाशी. मोठी मालवाहू बोट पुलाजवळ येऊन ठेपली आहे आणि तिची डोलकाठी अजून पुरती खाली आलेली नाही. छपरावर चढलेले खलाशी दोरांशी झटताहेत, काही जण लांब बांबू टेकवून बोट सांभाळताहेत. वर कठड्यावरून वाकलेली माणसं हातवारे करून काही ना काही सांगताहेत. फुकटचा सल्ला देणाऱ्यांची तेव्हाही वाण नव्हती. हा पूल बिनखांबी आहे, कारण खांबांवर आपटून बोटी फुटत असत. म्हणजे बोटींसाठी पुलाने एक माघार घेतली होती. उंचीच्या बाबतीत मात्र बोटीनेच वाकायचं, असा व्यवहार होता.

पुढची नऊ शतकं नदी-कालव्यांवर हाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला: वाकायचं कोणी, बोटीने की पुलाने?

पूल मुळात बुटके का बांधले जात, याचं उत्तर पाण्यात नाही, रस्त्यावर आहे. बैलगाडी किंवा घोडागाडी फार खडा चढ चढू शकत नाही. वीस फुटांना एक फूट असा चढ धरला, तर पूल एक मीटर उंच करायला दोन्ही बाजूंना वीस-वीस मीटर जादा भराव लागतो. भराव म्हणजे माती, मजूर आणि कोणाची तरी जमीन. हा खर्च रस्तेवाल्यांच्या माथी, आणि उंचीचा फायदा बोटवाल्यांना. स्वतःच्या पैशाने दुसऱ्याची सोय कोण करणार?

त्यातून बोटी वाकायला शिकल्या. इंग्लंडच्या नॉरफक भागातल्या ‘व्हेरी’ नावाच्या मालवाहू शिडाच्या बोटी याचा उत्तम नमुना आहेत. त्यांची डोलकाठी डेकवरच्या एका चौकटीत बिजागरीसारखी बसवलेली असे आणि तिच्या बुडाशी सुमारे दीड टन शिसं असे. वजन असं तोललेलं असल्यामुळे एक माणूस आणि हाताखाली एक पोर एवढ्यावर ती उंच काठी आडवी होई. मुरलेला नावाडी पुलाच्या तोंडाशी शीड उतरवी, काठी पाडी, आधीच्या वेगावरच बोट कमानीखालून काढी आणि पलीकडे निघताच काठी पुन्हा उभी करी. वेग अंगात असतानाच शीड पुन्हा वाऱ्याला लागे. इथे चुकीला जागा नव्हती. काठी लवकर पाडली तर बोट अलीकडेच रेंगाळे, उशीर झाला तर कमानीवर आदळे. थेम्स आणि मेडवे नद्यांवरच्या मोठ्या बार्जचं, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू बोटींचं, शीड आणि दोरखंड जड, म्हणून पुलाआधी ‘हफलर’ म्हणून ओळखले जाणारे जादा हात बोटीवर चढत, काठी पाडायला-उभारायला मदत करत आणि मजुरी घेऊन उतरत. एका बुटक्या पुलावर किती जणांची पोटं भरत असत ते पाहा.

लंडनचा जुना पूल हे वेगळंच प्रकरण. १२०९ मध्ये पुऱ्या झालेल्या या पुलाला १९ कमानी होत्या आणि खांबांभोवतीची संरक्षक बांधणी इतकी रुंद की नदी जणू धरणातून वाहत असे. भरतीला कमानीखाली उंची उरत नसे, ओहोटीला तिथे धबधबा होई. शहाणे प्रवासी अलीकडे उतरून पायी जात आणि पलीकडे पुन्हा बोटीत बसत.

अठराव्या शतकात कालवे आले आणि हिशेब बदलला. कालव्यातल्या बोटी घोडे ओढत, डोलकाठीची गरजच नव्हती, म्हणून पूल निर्धास्तपणे बुटके बांधले गेले. अडचण उंचीकडून दोराकडे सरकली: घोडा काठावर, बोट पाण्यात आणि मध्ये दोर. जुन्या पुलांच्या कोपऱ्यांवर दोराच्या घासण्याने पडलेल्या खोल खाचा आजही बोटांनी चाचपता येतात. इंग्लंडमधल्या स्ट्रॅटफर्ड कालव्यावर तर लोखंडी पूल दोन अर्ध्या भागांत बांधून मध्ये बारीक फट ठेवली, म्हणजे दोर फटीतून सरकतो आणि घोडा सोडावा लागत नाही. इथे पुलाने बोटीसाठी चक्क मधोमध चीर पाडून घेतली. अमेरिकेत १८२५ मध्ये खुल्या झालेल्या ३६३ मैलांच्या ईरी कालव्यावर मात्र प्रवाशांचे हाल. कालव्याने शेतं दुभंगली, शेतकऱ्यांना ये-जा करायला पूल देणं भाग पडलं आणि ते स्वस्तातले, म्हणजे बुटके झाले. बोटीच्या छपरावर बसलेल्यांना पूल आला की आडवं व्हावं लागे.

खरी ठिणगी पडली ती वाफेच्या बोटींमुळे. डोलकाठी पाडता येते, पण धुरांडं? भट्टीला हवेची ओढ मिळावी म्हणून ओहायो नदीवरच्या बोटींची धुरांडी अवाढव्य उंच असत. १८४९ मध्ये व्हीलिंग इथे चार्ल्स एलेट या अभियंत्याने १,०१० फुटांचा झुलता पूल बांधला, त्या वेळचा जगातला सर्वांत लांब गाळा (दोन आधारांमधलं अंतर). वरच्या अंगाला असलेलं पिट्सबर्ग खवळलं, कारण मोठ्या बोटी पुलाखालून जाईनात. पेनसिल्व्हेनिया राज्य थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. पूलवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: धुरांड्याला बिजागरी लावा आणि पाडा. समोरून उत्तर आलं की एवढं जड धुरांडं दर फेरीला पाडायचं म्हणजे खर्च आणि जिवाला धोका. १८५२ मध्ये न्यायालयाने बोटींची बाजू घेतली आणि किमान पाणीपातळीपासून १११ फूट उंची द्या, नाहीतर पूल काढा, असं फर्मावलं. त्याच वर्षी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कायदा करून पूल वैध ठरवला, शिवाय बोटवाल्यांनाच बजावलं की धुरांडी पुलाला आड येणार नाहीत असं पाहा. १८५४ च्या मे महिन्यात वादळाने पूल पाडला, तो कंपनीने न्यायालयाचा मनाई हुकूम धुडकावून पुन्हा उभारला आणि अखेर १८५६ मध्ये न्यायालयानेही कायदा मान्य केला. व्हीलिंग आणि पिट्सबर्ग या दोन शहरांची व्यापारी चुरस यामागे होती हे उघड आहे. पण देशाच्या कायद्याने बोटीला ‘तू वाक’ असं इतक्या स्पष्टपणे सांगितल्याचं दुसरं उदाहरण मला तरी आठवत नाही.

रेल्वेने वाद आणखी चिघळवला, कारण आगगाडीला रस्त्याइतकाही चढ झेपत नाही. तोडगा म्हणून उघडणारे, फिरणारे, उचलले जाणारे पूल पसरले. नेदरलँड्समध्ये त्यांची अशी साखळीच आहे की नैऋत्य टोकाच्या व्लिसिंगनपासून ईशान्य टोकाच्या डेल्फझेलपर्यंत डोलकाठी न पाडता देशातल्या देशात जाता येतं. काही ठिकाणी पूल उघडणारा माणूस गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून खाली सोडत असे आणि बोटवाले त्यात पैसे टाकत. रेल्वेपुलांपाशी मात्र आजही ताटकळावं लागतं. अॅमस्टरडॅम ओलांडायला बोटींना रात्री तांड्याने निघावं लागतं.

कंटेनर आल्यावर उंची थरांत मोजली जाऊ लागली. १९९६ च्या युरोपीय जलमार्ग कराराने पुलाखालच्या मोकळ्या उंचीचे आकडे ठरवले: दोन थरांना ५.२५ मीटर, तीन थरांना ७ मीटर, चार थरांना ९.१० मीटर. चार साध्या कंटेनरांची उंची भरते १०.३६ मीटर, पण बोटीचा तळ पाण्याखाली असल्याने तेवढं जमतं. यातली गंमत अशी की भरलेली बोट पुलाखालून सहज जाते आणि रिकामी अडकते, कारण ती पाण्यावर उंच तरंगते. म्हणून रिकाम्या बोटी टाक्यांत पाणी घेऊन मुद्दाम बुडी घेतात. चालकाची केबिन हायड्रॉलिक दांड्यावर खाली-वर होते; पूल आला की ती खाली बसते आणि चालक वरच्या झडपेतून डोकं काढून बोट हाकतो.

बेल्जियमने मात्र उलटा निर्णय घेतला. अँटवर्प ते लीएज हा १९३९ चा आल्बर्ट कालवा चार थरांसाठी मोकळा करायला तिथले ६२ पूल ९.१० मीटरपर्यंत नेण्याचं काम अनेक वर्षं चाललं. एकेक पूल पाडायचा, नवा चढवायचा, दोन्हीकडचे रस्ते उचलायचे. पाण्यासाठी रस्त्याने एवढी मोठी माघार क्वचितच घेतली असेल.

नॉरफकमधल्या पॉटर हायम इथे पूल उंच करण्याचा मार्गच बंद आहे. मध्ययुगीन दगडी पूल संरक्षित वास्तू आहे, मधली कमान चिंचोळी, आणि साधारण भरतीला तिच्याखाली दोन मीटर उरतात. भाड्याने बोट घेतलेल्यांना इथून स्वतः बोट नेऊ देत नसत, स्थानिक वाटाड्या सुकाणू धरी. कमानीजवळच्या पाटीवर पाणी चढेल तसा आकडा कमी होत जातो: पाणी किती खोल आहे ते नव्हे, डोक्यावर किती जागा उरली ते ती सांगते. पातळी वाढत चालल्याने पूर्वी सहज जाणाऱ्या बोटीही आता ओहोटीची वाट पाहतात, आणि जमलं नाही तर माघारी वळतात.