उघडलेली वाईन का बिघडते: गंधकाच्या धुरीपासून आर्गॉनच्या सुईपर्यंत

बेळगाव जिल्ह्यात अथणीच्या बाजूला बेदाणे करताना शेडमध्ये गंधकाची धुरी देतात. ती नीट बसली तर मणी हिरवट-पिवळा राहतो, नाहीतर काळपट पडतो आणि भाव घसरतो. वाईन टिकवण्याचा इतिहासही बराचसा या धुराचाच आहे. युरोपात शेकडो वर्षं लाकडी पिंप भरण्याआधी त्यात गंधकाची वात जाळत. वाईनच्या लेबलवरचे ‘सल्फाइट’, म्हणजे गंधकाची संयुगं, त्याच धुराचे वंशज. ऑक्सिजनने होणारी झीज ते रोखतात आणि जंतूंनाही आवरतात. पण बाटली एकदा उघडली, की त्यांचा साठा हळूहळू संपत जातो.

बेळगाव भागात हा प्रश्न घरापर्यंत आला तो अलीकडे. कर्नाटकाने २००७ मध्ये वाईन धोरण आणलं, त्यात कृष्णाकाठच्या द्राक्षपट्ट्याचाही विचार होता. नाताळला किंवा पाहुणे आले म्हणून ७५० मिलीची बाटली उघडायची, दोघा-तिघांनी एकेक ग्लास घ्यायचा आणि उरलेली फ्रिजच्या दारात उभी करायची, असं आता बऱ्याच घरांत होतं. पंधरा दिवसांनी ती तोंडात धरवत नाही.

यामागचं कारण फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी दाखवून दिलं. फ्रान्सचा सम्राट तिसऱ्या नेपोलियनने १८६३ मध्ये त्यांना फ्रेंच वाईनच्या रोगांचा छडा लावायला सांगितलं आणि १८६६ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. काठोकाठ भरून बंद केलेल्या नळीतली वाईन टिकली, तर अर्धी हवा ठेवलेल्या नळीतली बदलली. ऑक्सिजनमुळे अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं आणि काप देऊन ठेवलेल्या सफरचंदासारखा वास येतो. पुढे हवेवर जगणारे अॅसिटोबॅक्टर जीवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतात. उष्णतेने हे सगळं आणखी लवकर घडतं.

हवा अडवायची युक्ती मात्र पाश्चरच्या कितीतरी आधीची. इटलीत टस्कनीच्या वाईनवर ऑलिव्ह तेलाचा थर ओतत. आपल्या लोणच्यावर चार बोटं तेल असतं ना, तसाच.

दुसरी वाट म्हणजे वाईनच दणकट करायची. पोर्तुगालच्या पोर्टमध्ये ब्रँडी घालून अल्कोहोल २० टक्क्यांच्या आसपास नेतात. तेवढ्या अल्कोहोलमध्ये व्हिनेगर करणारे जीवाणू तग धरत नाहीत. अटलांटिक महासागरातल्या मदिरा नावाच्या पोर्तुगीज बेटावरच्या वाईनची गोष्ट तर मला सर्वांत आवडते. तिची पिंपं जहाजातून विषुववृत्त ओलांडून भारतापर्यंत येत, काही तशीच परतही जात. उन्हाने तापून आणि हवा खाऊन ती सुधारते असं लक्षात आलं आणि मग बेटावरच ती मुद्दाम तापवू लागले. जे व्हायचं ते आधीच होऊन गेलेलं असल्याने उघडलेली ही मदिरा वाईन महिनोन्महिने चालते. कंपनी सरकारच्या काळात इथल्या गोऱ्या अधिकाऱ्यांची ती आवडती होती, यात नवल नाही. चोर्ला घाटापलीकडच्या गोव्यात ‘पोर्ट वाईन’ म्हणून मिळते ती मात्र पोर्तुगालच्या पोर्टइतकी कडक असेलच असं नाही. लेबलवरची टक्केवारी बघून घ्यावी.

विसाव्या-एकविसाव्या शतकांनी उपकरणं दिली. १९८०च्या दशकात डच बनावटीचा हातपंप आला. तो रबरी बुचातून हवा ओढून घेतो, पण पुरती नाही. आर्गॉन वायू रॅले आणि रॅमझी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८९४ मध्ये शोधला. हवेत तो जेमतेम एक टक्का असतो, हवेपेक्षा जड असतो आणि कशाशीच संयोग पावत नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत याच वायूवर चालणारं कोराव्हिन नावाचं उपकरण बाजारात आलं. त्यात बूच न काढता सुई आत घालतात आणि काढलेल्या वाईनच्या जागी आर्गॉन भरतात. यंत्र उत्तम, पण महिन्याला एखादी बाटली लागणाऱ्या घराला एवढा खर्च कशाला?

माझ्या मते आपल्या घरांसाठी पाश्चरची भरलेली नळीच बरी. तिला लागणाऱ्या बाटल्या इथे मुबलक आहेत. ३७५ मिलीची ‘हाफ’ किंवा १८० मिलीची ‘क्वार्टर’ गरम पाण्याने धुवावी, वास पूर्ण जाऊ द्यावा आणि कोरडी करावी. वाईन उघडल्या उघडल्या, ग्लास भरण्याच्याही आधी, ती गळ्यापर्यंत भरून घट्ट झाकण लावावं आणि फ्रिजमध्ये ठेवावी. रेड असली तरी फ्रिजमध्येच; प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढली की झालं. अर्धवट बाटलीत वाईन तीन ते पाच दिवस बरी राहते, अशी भरून ठेवली तर त्याहून बरीच जास्त. फेसाळणारी वाईन मात्र दाबाच्या बुचाखाली ठेवून एक-दोन दिवसांतच संपवावी.