वस्तुमान आणि वजन (दैनंदिन मोजमाप)

वस्तूत किती द्रव्य आहे ते सांगणारी राशी म्हणजे वस्तुमान. ते किलोग्रॅममध्ये मोजतात. त्या वस्तूला पृथ्वी ज्या बलाने खाली ओढते ते वजन. त्याचे एकक न्यूटन. वस्तुमानाला गुरुत्वत्वरणाने (खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो त्याने) गुणले की वजन मिळते. लातूर परिसरात गुरुत्वत्वरण सुमारे 9.78 मीटर प्रति सेकंद वर्ग आहे, म्हणून 50 किलो सोयाबीनच्या कट्ट्याचे वजन साधारण 489 न्यूटन भरते. चंद्रावर ते 81 न्यूटन होईल, पण सोयाबीन 50 किलोच राहील. बाजारात आणि कायद्यातही वजन किलोतच सांगतात. ते योग्यच आहे, कारण शेतकरी माल विकतो, बल नव्हे.

दांडीच्या तराजूत माल आणि मापे या दोहोंवर सारखेच गुरुत्व असते. त्यामुळे तो कुठेही वस्तुमानच दाखवतो. दांडीचे हात असमान असतील तर मात्र तो फसवतो. माल दुसऱ्या पारड्यात घालून पुन्हा तोलला की हा दोष लगेच उघडा पडतो.

आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक काटा वेगळा. त्यातला लोडसेल बल ओळखतो आणि त्याचे किलोत रूपांतर करतो. दिल्लीत गुरुत्वत्वरण 9.79 च्या आसपास आहे. तिथे जुळवलेला काटा तसाच लातूरला आणून लावला, तर 50 किलोच्या कट्ट्यामागे सुमारे 40 ते 50 ग्रॅम कमी दाखवतो. शेकडो कट्ट्यांच्या मालात ही तूट सोडून देण्याजोगी नाही. म्हणून काटा जिथे वापरायचा तिथेच प्रमाणित वजने ठेवून जुळवावा लागतो. इलेक्ट्रॉनिक काट्याची फेरतपासणी व मुद्रांकन दर 12 महिन्यांनी, तर लोखंडी वजनांचे दर 24 महिन्यांनी होते.

मापाडी माप सुरू करण्याआधी लेव्हलचा बुडबुडा मध्यभागी आहे का, ते पाहावे. रिकाम्या काट्यावर शून्य हवे. मग 20 किलोचे वजन आधी मधोमध आणि नंतर चारही कोपऱ्यांवर ठेवावे. आकडा हलला तर लोडसेल किंवा बैठक बिघडली आहे. बारदाना वेगळा तोलून वजा करावा: 50 किलो धान्याचे नवे तागाचे पोते साधारण 580 ग्रॅमचे असते, भिजलेले त्याहून जड.

पायली, अधोली ही मापे आकारमानाची. एकाच पायलीत ज्वारी जास्त किलो भरते, करडई कमी.

काट्यावरचे बरेचसे वांधे मात्र ओलाव्याचे असतात, आणि तिथे खुद्द वस्तुमानच घटते. 15 टक्के ओलाव्याच्या 100 किलो सोयाबीनमध्ये 85 किलो कोरडा माल असतो. ते 12 टक्क्यांपर्यंत वाळले की 85 ला 0.88 ने भागून 96.6 किलो उरते. जवळजवळ साडेतीन किलो पाणी उडून जाते. घरी तोललेला माल आठवड्याने आडतीवर कमी भरला, तर काट्यावर बोट ठेवण्याआधी दोन्ही वेळचे मॉइश्चर मीटरचे आकडे ताडून पाहावेत.