मोटार वॉरंटीचे फसवे कॉल (अमेरिका)

मोटारीची वॉरंटी संपत आल्याची बतावणी करून महागडा दुरुस्ती-करार गळ्यात मारण्यासाठी, किंवा नुसतेच क्रेडिट कार्डाचे तपशील काढून घेण्यासाठी अमेरिकेत केले जाणारे दूरध्वनी कॉल. तुमच्या गाडीच्या वॉरंटीबाबत कधीपासून संपर्क साधत आहोत, ही शेवटची संधी, तज्ज्ञाशी बोलायला १ दाबा, यादीतून नाव काढायला २ दाबा, असा ध्वनिमुद्रित आवाजाचा ठराविक साचा असतो. २०२१ च्या सुमारास हा मजकूर इतक्या लोकांना पाठ झाला होता की समाजमाध्यमांवर त्याची टिंगल सुरू झाली. ज्यांच्याकडे मोटारच नाही त्यांनाही हे कॉल येत.

ओळखण्याची पहिली खूण यातच आहे: बोलणाऱ्याला तुमच्या गाडीची बहुधा काहीच माहिती नसते. ‘कोणती गाडी?’ असे विचारले की तोच उलट कंपनी, मॉडेल, साल, गाडी किती मैल धावली ते विचारू लागतो. खऱ्या उत्पादकाला हे विचारावे लागत नाही. गाडीच्या व्हीआयएन या ओळख क्रमांकावरून त्याला वॉरंटी कधी संपते ते दिसते. दुसरी खूण कायद्यातली, आणि ती अधिक भरवशाची. ग्राहकाची लेखी परवानगी नसेल तर ध्वनिमुद्रित आवाजात विक्रीचा कॉल करण्यास १ सप्टेंबर २००९ पासून संघीय व्यापार आयोगाच्या (एफटीसी) नियमांनी बंदी आहे. म्हणजे पुढचे काही ऐकण्याआधीच कॉल बेकायदा ठरलेला असतो. पडद्यावर दिसणाऱ्या क्रमांकावर मात्र विसंबू नये. आपल्याच गावचा एरिया कोड दाखवणे ही जुनी क्लृप्ती आहे.

विकले जाते ते काय? वॉरंटी गाडीच्या किमतीतच येते. अनेक कंपन्या ती ३ वर्षे किंवा ३६,००० मैल देतात. फोनवर विकला जातो तो ‘सेवा करार’, म्हणजे वेगळे पैसे मोजून घेतलेली दुरुस्तीची हमी. असे करार कायदेशीर असतात आणि काही उपयोगीही पडतात, म्हणूनच ही फसवणूक सरसकट खोटी म्हणून झटकता येत नाही. भारतात शोरूममध्येच एक्स्टेंडेड वॉरंटी घेतलेल्या, अमेरिकेत नुकत्याच गेलेल्या मराठी माणसाला हा प्रस्ताव ओळखीचा वाटू शकतो.

असा कॉल आला तर काही न बोलता, कोणतेही बटण न दाबता ठेवून द्यावा. २ दाबल्याने नाव निघत नाही. या क्रमांकावर माणूस फोन उचलतो एवढे मात्र समोरच्याला कळते. शंका उरलीच तर गाडीच्या कागदपत्रांतला डीलरचा क्रमांक काढून स्वतः फोन करावा. पैसे दिले गेले असतील तर कार्ड कंपनीकडे त्वरित आक्षेप नोंदवावा, करार रद्द करत असल्याचे लेखी कळवावे आणि एफटीसीकडे तक्रार करावी. विक्रीचे कॉल नकोत असे कळवण्याची सरकारी ‘डू नॉट कॉल’ नोंदणी (२००३ पासून) प्रामाणिक विक्रेत्यांना अडवते, भामट्यांना नाही.

हा धंदा जुना आहे. २००९ मध्ये सिनेटर चक शूमर यांनाही असा कॉल आला होता. त्याच वर्षी एफटीसीने सुमारे १०० कोटी कॉल केल्याचा आरोप ठेवून काही कंपन्यांना न्यायालयात खेचले. सेवा करार विकणारी मिसूरी राज्यातील मोठी कंपनी यूएस फिडेलिस २०१० मध्ये दिवाळखोरीत गेली. पुढे तिच्या मालक भावांना तुरुंगवास झाला. तरीही कॉल थांबले नाहीत. सम्को पनामा या नावाशी जोडलेल्या जाळ्याने २०२१ मधील केवळ तीन महिन्यांत ५०० कोटींहून अधिक कॉल केले आणि त्यासाठी दहा लाखांहून अधिक वेगवेगळे क्रमांक दाखवले. त्याच्या दोन्ही सूत्रधारांवर टेलिमार्केटिंगची आजन्म बंदी आधीच होती, यावरून बंदीचा धाक किती ते दिसते.

खरा फरक पडला तो वाहिनी तोडल्यावर. जुलै २०२२ मध्ये संघीय संचार आयोगाने (एफसीसी) हे कॉल पुढे पाठवणाऱ्या आठ लहान दूरसंचार कंपन्यांकडून येणारी वाहतूक रोखण्याचा आदेश इतर कंपन्यांना दिला, आणि या जाळ्याचे कॉल जवळजवळ बंद झाले. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे ३० कोटी डॉलरचा, आयोगाच्या तोवरच्या इतिहासातील सर्वांत मोठा, दंड ठोठावला गेला. असे दंड वसूल करण्याचे काम मात्र आयोगाकडे नसते, ते न्याय खात्याकडे जाते.

याच धंद्याची दुसरी वाट टपालातून जाते: ‘अंतिम सूचना’ छापलेली, सरकारी वाटावीत अशी पोस्टकार्डे. त्यांवर गाडीची कंपनी आणि साल पुष्कळदा बरोबर असते, कारण ती विकत घेतलेल्या याद्यांवरून पाठवलेली असतात. तिथे ‘कोणती गाडी?’ हा प्रश्न उपयोगी पडत नाही. पाठवणाऱ्याचे नाव बारीक अक्षरांत कुठे आहे, आणि ते उत्पादकाचे आहे का, हे पाहावे लागते.