प्लग, कॉइल, वायर: इग्निशन अपग्रेड करण्याआधी

इरिडियमच्या टोकाचे स्पार्क प्लग टाकले की गाडी पळते, असं बरेच जण सांगतात. मूळ इंजिनात ठिणगी आधीच नीट पडत असेल, तर महागड्या प्लगने ताकद वाढत नाही. झिजलेल्या प्लगमुळे गेलेला पिकअप आणि घटलेलं ॲव्हरेज तेवढं परत मिळतं. इरिडियम टाकायचा तो टिकतो म्हणून: साधा निकेलचा प्लग साधारण २०-३० हजार किमी, इरिडियम ८० हजारांच्या पुढे. सीएनजीवर दोन्ही लवकर झिजतात. गॅस पेटवायला जास्त व्होल्टेज लागतं, त्यात गॅप (प्लगच्या दोन टोकांमधलं अंतर) वाढला की प्लगला व्होल्टेज देणारी कॉइल तापते आणि शेवटी जाते. सीएनजी गाडीत गॅप ०.८ मिमीच्या आसपास ठेवतो. इरिडियमचा गॅप मात्र कुणाला ठोकून बसवू देऊ नका, बारीक टोक तुटतं.

ठाण्याच्या घोडबंदर रोडवर ट्रॅफिकमध्ये पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगणाऱ्या गाडीचे प्लग काळे पडतात, कारण काजळी जळायला टोक सुमारे ४५० अंशांपर्यंत तापावं लागतं. त्यावर 'गरम' प्लग, म्हणजे टोकात उष्णता जास्त धरून ठेवणारा, टाकणं हा उपाय नव्हे. तीच गाडी एक्सप्रेसवेवर दामटली की मिश्रण ठिणगीआधीच पेटतं आणि पिस्टन जातो. हीट रेंज, म्हणजे प्लग किती गरम-थंड ते, मॅन्युअलप्रमाणेच. एनजीके कंपनीच्या प्लगवर हीट रेंजचा आकडा मोठा तर प्लग थंड, बॉशमध्ये बरोबर उलट. दुकानात इथेच घोळ होतो.

प्लग इंजिन थंड असतानाच काढायचा, नाहीतर ॲल्युमिनियम हेडचे आटे जातात. आधी हवा मारून खड्ड्यातली धूळ उडवायची. नवा प्लग हाताने शेवटपर्यंत फिरवायचा, मग १४ मिमीच्या वॉशरवाल्या प्लगला सुमारे २५ न्यूटन-मीटर टॉर्क. प्लगवर बसणाऱ्या रबरी बूटच्या आत डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस लावायचं, तेही अगदी पातळ.

पावसाळ्यात मिसिंग (एखादा सिलिंडर मधूनच न पेटणं) सुरू झालं, तर प्लगच्या खड्ड्यात पाणी आहे का ते आधी बघा. प्लग वायर असलेल्या गाडीत अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा. वायरला तडा असेल तर निळी ठिणगी दिसते. हात लावू नका. प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर संशयित कॉइलची दुसऱ्या सिलिंडरच्या कॉइलशी अदलाबदल करायची: स्कॅनरवरचा कोड पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचं मिसिंग) चा पी०३०३ (तिसऱ्याचं) झाला, म्हणजे कॉइलच खराब. चारही बदलायची गरज नाही. चेक इंजिन लाइट लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, न जळलेलं पेट्रोल धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळतं.

मेकॅनिककडे काम दिलं असेल तर काढलेले प्लग सिलिंडरच्या क्रमाने परत मागून घ्या. एखादा ऑइलने ओला निघाला, तर दोष पिस्टन रिंगचा किंवा व्हॉल्व्ह सीलचा असू शकतो. तिथे नवे प्लगही लवकरच तसेच होतील.